पासष्टीनंतरची टर्बो मॅन्युअल : गोव्याच्या रस्त्यांवर अ‍ॅडासमधलं काय ठेवायचं, काय बंद करायचं?

फोंडेकर_तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. वय ६६. चष्मा प्रोग्रेसिव्ह, मान डावीकडे पूर्ण वळत नाही, गुडघे अजून शाबूत. म्हणून मॅन्युअलच हवी, आणि टर्बो पेट्रोल हवी. फिरणं असं: आठवड्यातून दोनदा बोरीवरून मडगाव, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव, आणि रविवारी पहाटे करमल घाटातून काणकोण. ही शेवटची फेरी निव्वळ गाडी चालवायची म्हणून.

यादीत दोन नावं उरली आहेत. १.५ टर्बोची व्हर्ना, १६० पीएस आणि २५३ एनएम, जिच्या वरच्या व्हेरियंटला चालकाला सावध करणारं, कधी स्वतः ब्रेक लावणारं अ‍ॅडास मिळतं. दुसरी १.५ टीएसआयची व्हर्टस जीटी, १५० पीएस आणि २५० एनएम, जिच्यात अ‍ॅडास नाही. घरच्यांचं म्हणणं, या वयात अ‍ॅडास पाहिजेच. चालवणाऱ्यांचं म्हणणं, घेतल्यावर पहिल्याच दिवशी बंद करशील.

तीन प्रश्न. गोव्यात यातलं नेमकं काय उपयोगी पडतं आणि कुठे आड येतं? पुढे ३० मिमीने खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि १७ इंची चाकं घातली तर सेन्सरांचं काय होतं? आणि पावसाळ्यात हे सगळं चालतं का?

घाटउतार

काका, अ‍ॅडास हा एक खटका नाही, आठ-दहा वेगवेगळ्या गोष्टींचं गाठोडं आहे. काही गोष्टी फक्त सांगतात, काही ब्रेकला हात घालतात, काही स्टिअरिंगला. तुमच्या गरजेप्रमाणे गाठोडं सोडून बघू.

तुम्हाला सगळ्यात जास्त कामाची गोष्ट म्हणजे ब्लाइंड स्पॉटची सूचना. आपली स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे डावा मागचा कोपरा मुळातच आंधळा, आणि तुमची मान नेमकी त्याच बाजूला अडते. आपल्याकडे स्कूटर डावीकडूनच काढतात, हे सांगायला नको. मागच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत रडार असतात, आरशातला दिवा त्यांच्यावर चालतो. साधारण २० किमीच्या वर गेल्यावरच तो जागा होतो, त्यामुळे बाजारातल्या रांगत्या गर्दीत त्याच्यावर विसंबू नका.

दुसरी, रिव्हर्स घेताना आडव्या येणाऱ्या वाहनाची सूचना. वाड्यावरच्या अरुंद वाटेतून मागे येत रस्त्यावर निघायचं असेल तर ही सोन्यासारखी. एक खोच आहे: दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा असेल तर बंपरचा कोपरा गडग्याच्या बाहेर येईपर्यंत रडारला फक्त चिरेच दिसतात. म्हणून हातभर बाहेर या, थांबा, दोन सेकंद ऐका, मग निघा. व्हेरियंटच्या छापील यादीत ही दोन्ही नावं आहेत का ते बुकिंगआधी वाचा. 'लेव्हल २' एवढ्या एका शब्दावर पैसे देऊ नका.

तिसरी, पुढची टक्कर टाळणारा आपोआप ब्रेक. हा कायम चालू. पण मॅन्युअल गाडीत त्याची रीत वेगळी असते. ब्रेक गाडी लावते, क्लच तुम्ही दाबायचा. न दाबल्यास इंजिन बंद पडतं. आणि गाडी थांबल्यावर साधारण दोन सेकंदांत ती ब्रेक सोडून देते, पाय तुमचा पडलेला असेल असं गृहीत धरून. चढावर हे माहीत नसेल तर टक्कर टळते आणि गाडी मागच्या गाडीवर जाते. अंगवळणी एवढंच पाडायचं की धक्का बसताच दोन्ही पाय खाली.

आता स्टिअरिंगला हात घालणारं लेन कीप असिस्ट. ते साधारण ६० किमीच्या वर जागं होतं आणि रंगवलेल्या पट्ट्यांवर चालतं. आपल्याकडे पट्टा कुठे असतो, कुठे अर्धा, कुठे डांबर नवं आणि पट्टा जुना. ओल्या रस्त्यावर डांबराची जोडरेषा चमकते, कॅमेऱ्याला तीच पट्टा वाटते. शिवाय इंडिकेटर न देता तुम्ही खड्डा चुकवायला उजवीकडे सरकलात की ते तुम्हाला परत खड्ड्याकडे ढकलतं. जोर फार नसतो, हाताने सहज मोडतो. पण घाटात वळणाची रेषा हाताला कळण्यातच सगळी मजा, आणि तिथे मधेच कुणी स्टिअरिंगला चिमटा काढावा, हे सहन होत नाही. मेन्यूत जाऊन 'असिस्ट'ऐवजी 'फक्त सूचना' निवडा. पूर्ण बंद करू नका. नव्या झुआरी पुलावर किंवा पणजीच्या अटल सेतूवर डुलकीचा एक क्षण आला तर ती सूचनाच उपयोगी पडेल.

अ‍ॅडाप्टिव्ह क्रूझबद्दल, म्हणजे पुढच्या गाडीशी अंतर राखत ठरवलेला वेग धरणाऱ्या सोयीबद्दल. १.५ टर्बो व्हर्नाच्या मॅन्युअलला ते मिळत नाही, डीसीटीला, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिकला, मिळतं. मला विचाराल तर तुमच्या वापरात काही अडत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांनी घाटात ते वापरू नये, आणि कारण समजून घ्यावं. रडारचा झोत पुढे, अरुंद. तीव्र वळणावर पुढची गाडी झोताबाहेर जाते, यंत्राला वाटतं रस्ता मोकळा, आणि ऐन वळणात गाडी ठरवलेल्या वेगाकडे धावू लागते. उतारावर ते इंजिन ब्रेकिंगपेक्षा चाकांच्या ब्रेकवर जास्त जगतं, चोर्ला उतरेपर्यंत पॅड तापतात. तिसऱ्या गिअरवर उतरणारा माणूस यंत्रापेक्षा शहाणा.

आणखी एक. ८० च्या वर अधूनमधून आणि १२० च्या वर सतत वाजणारा बीप अ‍ॅडासचा नाही. तो जुलै २०१९ पासून सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीचा आहे, व्हर्टसमध्येही वाजेल. त्याच्यावर चिडून अ‍ॅडासला शिव्या देणारे बरेच.

पायलट_पिवळाकाळा

वरच्याला माझी एकच पुरवणी. रात्री पावसात डांबरावर बसलेली गुरं. आपोआप ब्रेकचं प्रशिक्षण गाडी, माणूस आणि सायकल यांच्यावर झालेलं असतं. बसलेली काळी म्हैस त्याला ओळखता येईलच, याची हमी कुठलीच कंपनी मॅन्युअलमध्ये देत नाही. पहाटेचा पोदेर (पाववाला) सायकलवर, पण मागे भली मोठी पाटी, त्यामुळे आकार नेहमीच्या सायकलीसारखा नाही. काणकोणच्या वाटेवर पहाटे हे दोघे भेटणारच. तिथे डोळे आणि हेडलाइटच खरे.

हायड्रॉलिक_हट्टी

उलटं मत मांडतो. मजेसाठी गाडी घ्यायची तर यंत्रं कमी तेवढं बरं. व्हर्टस घ्या, आणि मानेचा प्रश्न आरशांनी सोडवा. तोही फुकटात.

बहुतेक जण बाजूच्या आरशात स्वतःच्या गाडीची पाव भाग कड ठेवतात. ती जागा वाया जाते. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या काचेला टेकवा आणि तेव्हा गाडीची कड जेमतेम दिसेल इतका आरसा बाहेर वळवा. डावा लावताना डोकं दोन सीटांच्या मधोमध न्या आणि तसंच करा. सरळ बसल्यावर गाडीची कड दिसणार नाही, चुकल्यासारखं वाटेल, आठवड्याभरात सवय होईल. मागून येणारी गाडी आतल्या आरशातून निघाली की बाहेरच्या आरशात दिसते, आणि तिथून निघाली की नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यात. मान वळवायचं काम निम्मं होतं. त्यावर डाव्या आरशाला छोटा बहिर्वक्र आरसा चिकटवा, वरच्या बाहेरच्या कोपऱ्यात.

बाहेरून बसवायचे ब्लाइंड स्पॉट संचही मिळतात, मागच्या बंपरच्या आत दोन रडार आणि ए-पिलरवर (पुढच्या काचेशेजारच्या खांबांवर) दोन दिवे. बसवताना मूळ वायरिंग कापू देऊ नका, फ्यूज टॅपवरून वीज घ्या. सूचना देणारे डॅशकॅमही मिळतात. पण त्यातलं काहीच ब्रेक लावत नाही, एवढं मान्य.

स्टिअरिंगचा स्पर्शच हवा असेल तर २०१५ मध्ये आलेल्या अबार्थ पुंटोसारखी हायड्रॉलिक स्टिअरिंगची जुनी गाडी धुंडाळा, १४५ बीएचपी. सुटे भाग शोधायची तयारी हवी, एवढंच.

घाटउतार

आरशांची रीत शंभर टक्के बरोबर, अ‍ॅडास असलेल्या गाडीतही तशीच लावावी. पण ब्रेकचं गणित 'एवढं मान्य' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. ८० किमी वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. अनपेक्षित प्रसंगी पाय ब्रेकवर यायला दीड सेकंद लागला तर ३३ मीटर आधीच संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरांनी थांबायला आणखी ३१-३२ मीटर, ओल्यावर त्याहून बरेच जास्त. यंत्र वाचवतं ते त्या पहिल्या ३३ मीटरांतले काही. टायर आणि रस्ता यांची पकड ते वाढवू शकत नाही. वयाप्रमाणे वाढतो तो नेमका पहिला आकडा, म्हणून घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे.

सूचना 'लवकर' किंवा 'उशिरा' यावी अशी निवड मेन्यूत असते. गर्दीत सारखं किंचाळतं म्हणून लोक 'उशिरा' करतात. साठीनंतर ती नेहमीच्या वेळेवरच ठेवा, आवाज हवा तर कमी करा. पण आवाज कमी करतानाही एसीचा पंखा तीनवर ठेवून बघा. वयाने आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, आणि गाडीचे बीप त्याच पट्टीतले.

पाना_आणि_लेझर

दुसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, म्हणून सविस्तर.

काका, कॅमेरा पुढच्या काचेवर आरशाच्या मागे, रडार पुढच्या बंपरमध्ये. दोघांनाही 'गाडी सरळ आणि सपाट आहे' असं एकदा शिकवलेलं असतं. रडार आडवं फक्त १ अंश फिरलं तर १०० मीटरवर ते पावणेदोन मीटर बाजूला बघतं. लेन साडेतीन मीटरची. म्हणजे निम्मी लेन चुकली. बाजूच्या लेनमधल्या ट्रकसाठी तुमची गाडी ब्रेक मारेल, किंवा पुढच्यासाठी मारणार नाही.

आता स्प्रिंगा. नुसतं पुढे ३० मिमी खाली आणि मागे मूळ, असं केलंत तर व्हर्नाच्या २६७० मिमी व्हीलबेसवर नाक जवळजवळ ०.६५ अंश झुकतं. ऐकायला काहीच नाही. पण एकट्या कॅमेऱ्याला अंतर मोजायचं असतं ते पुढच्या गाडीची चाकं क्षितिजाच्या किती खाली दिसतात त्यावरून. कॅमेरा जमिनीपासून १.३ मीटरवर धरा. ५० मीटरवरची गाडी दीड अंश खाली दिसायला हवी. नाक झुकल्यावर ती ०.८५ अंशच खाली दिसते, आणि साध्या गणिताने अंतर निघतं ८७-८८ मीटर. सॉफ्टवेअर थोडीफार दुरुस्ती स्वतः करतं, रडारशी ताडूनही बघतं, पण त्याची मर्यादा आपल्याला कुणी लिहून देत नाही. उलट डिकीत नारळाची पोती भरून मागचं टोक बसवलंत तर अंतर कमी भासतं आणि उगाच सूचना येतात. ती चूक निदान सुरक्षित बाजूची.

म्हणून माझं मत: अ‍ॅडासच्या गाडीला लोअरिंग करू नका. करायचंच तर चारही कोपरे सारखे खाली, मग चाकांची अलाइनमेंट, मग कॅलिब्रेशन (सेन्सरांना 'सरळ' म्हणजे काय ते पुन्हा शिकवणं), याच क्रमाने. क्रम उलटा झाला तर कॅलिब्रेशनचे पैसे पाण्यात, कारण मागच्या चाकांची दिशा बदलली की गाडीची खरी सरळ रेषाच बदलते. अलाइनमेंट करताना स्टिअरिंग मध्यावर धरून स्टिअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरवरून शून्यावर आणायला सांगा. हे विसरतात. मग सरळ रस्त्यावर स्टिअरिंग दोन अंश तिरकं, यंत्राला वाटतं तुम्ही वळताय, आणि लेन कीप एका बाजूला खेचत राहतं. लोक म्हणतात कॅमेरा बिघडला. कॅमेरा ठीक असतो.

शिवाय मूळ रचनेत फेरफार केला की विम्याच्या दाव्यात प्रश्न निघतात, ते वेगळंच.

चाकं. मूळ २०५/५५ आर१६ टायरचा व्यास ६३२ मिमी. २२५/४५ आर१७ घातलात तर ६३४, फरक अर्धा टक्काही नाही, चालेल. पण खड्ड्यांच्या भीतीने लोक २२५/५० आर१७ घालतात. तो ६५७ मिमी, जवळजवळ चार टक्के मोठा. स्पीडोमीटर कमी दाखवतो, कॅमेरा वर उचलला जातो, आणि पूर्ण वळवल्यावर टायर लायनरला घासू शकतो. माझा सल्ला विचाराल तर १६ वरच राहा आणि तेच पैसे चांगल्या रबरात घाला. ४५ ची बुटकी भिंत बोरीच्या वाटेवर पावसाळ्यात फुगवटा घेऊन येते, आणि रिम वाकली की तेवढ्यासाठी पुन्हा अलाइनमेंट.

टायरांचंच आणखी. तुमचं फिरणं कमी, त्यामुळे तुमचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतील. भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. सहाव्या वर्षी नक्षी शिल्लक असली तरी बदला, रबर कडक झालेलं असतं. कायद्याला १.६ मिमी चालते, आपल्या पावसाला नाही. मेअखेर मोजा, ३ मिमीच्या खाली असेल तर जूनआधी नवे.

पावसाळ्याचं थोडक्यात: जोरदार सरीत कॅमेरा आंधळा होतो, 'अ‍ॅडास तात्पुरतं बंद' असा संदेश येतो आणि सर ओसरली की आपोआप परततं. तो बिघाड नाही. तांबड्या मातीचा चिखल मात्र आपोआप जात नाही. चोर्ला उतरल्यावर साखळीत थांबून पुढच्या बंपरची रडारवरची जागा आणि मागच्या बंपरचे दोन कोपरे ओल्या फडक्याने पुसा. प्रेशर वॉशरची धार तिथे जवळून मारू नका. बंपर घासला आणि गॅरेजवाल्याने पुट्टी भरून रंग दिला तर रडारसमोर जाड थर उभा राहतो, धातूच्या कणांचा रंग असेल तर आणखी वाईट. तेवढा बंपर बदलणं स्वस्त पडतं.

वायपरची पट्टी दर मे महिन्यात नवी. कॅमेऱ्यासमोरची काच ती पुसते, हे विसरू नये. चतुर्थीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचं) सामान भरून डिकी बसलेली असेल तेव्हा आलेल्या खोट्या सूचनांवरून गाडीला नावं ठेवू नये.

करमल_१००_फेऱ्या

ईएससीचं, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं, कुणी बोललं नाही. घाटात 'मजा' म्हणून ते बटण दाबून धरणाऱ्यांसाठी: ह्युंदाईत थोडं दाबलं तर फक्त ट्रॅक्शन कंट्रोल सुटतं. तीन सेकंद दाबून धरलं तर ईएससी पूर्ण बंद, आणि त्याच्याबरोबर पुढच्या टकरीचा आपोआप ब्रेकही बंद. बटण एकच, जातात दोन गोष्टी. करमलमध्ये सावलीतल्या वळणांवर शेवाळ आणि पानांचा लगदा असतो, विशेषतः ऑगस्ट-सप्टेंबरात. तिथे ईएससी चालू ठेवूनही दुसऱ्या-तिसऱ्या गिअरचा पुरेपूर आनंद मिळतो. २५३ एनएम पुढच्या चाकांवर, ओल्यात तसंही सगळं जमिनीवर उतरत नाही.

नजर_२५_मीटर

सगळे गाडीच्या कॅमेऱ्याबद्दल बोलताहेत, चालवणाऱ्याच्या कॅमेऱ्याबद्दल कुणी नाही.

साठीच्या डोळ्यात बाहुली लहान राहते आणि भिंग पिवळट होतं. विशीच्या तुलनेत पडद्यापर्यंत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. समोरच्या एलईडीने दिपल्यावर सावरायलाही जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर दिव्याभोवती वलयं दिसतात. रात्रीसाठी म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका, ते आहे तो प्रकाशही कापतात. त्यापेक्षा काच आतून पुसा. समुद्राच्या हवेने आणि प्लॅस्टिकच्या वाफेने आतून तेलकट पडदा धरतो, रात्री तोच चकाकतो.

प्रोग्रेसिव्ह चष्म्याचं: वरचा भाग लांबचा, खालचा वाचनाचा, मधला पट्टा अरुंद. डॅशबोर्ड तुमच्या डोळ्यांपासून ७०-८० सेमीवर, म्हणजे नेमका मधल्या पट्ट्यात. तो पकडायला हनुवटी वर जाते, आणि तुमची मान आधीच दुखरी. सीटवर बसून डोळ्यापासून मीटरपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि चष्मा बनवताना तो आकडा सांगा. ध्रुवित गॉगल लावून शोरूममध्ये जा आणि स्क्रीन बघा. काही स्क्रीन त्यातून काळपट दिसतात, काचेवर उमटणारा डिस्प्ले तर नाहीसाच होतो.

बसायचं माप: क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे, आणि छाती ते एअरबॅग किमान २५ सेमी. दोन्ही गाड्यांत अर्धा तास बसून बघा, पाच मिनिटांत काही कळत नाही. उतरता-चढता कंबर बोलत असेल तर आधी बूड टेका, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवा.

परवान्याचंही आताच बघून ठेवा. ५५ नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं, नमुना १-अ चं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. मुदत संपण्याआधी वर्षभर अर्ज करता येतो. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी. त्या नमुन्यात डॉक्टरांना विचारलेलं असतं की चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का. घरच्या घरी बघा: ३०-३२ पावलं मोजा, शेजाऱ्याची प्लेट वाचा. आणि डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले त्या दिवशी गाडीची किल्ली दुसऱ्याकडे.

फोंडेकर_तिसरा_गिअर

देव बरें करूं सगळ्यांचं. लोअरिंग बाद, १६ इंचीच ठेवतो. लेन 'फक्त सूचना' हे पटलं. झुकतं माप आता व्हर्नाच्या वरच्या मॅन्युअलला.

एक शेवटचा प्रश्न. खडी वाहणाऱ्या टिपरांमागे काच फुटणं आपल्याकडे नवं नाही. अ‍ॅडासच्या गाडीची काच फुटली तर खर्च आणि भानगड किती?

काचकाम_बार्देस

आधी फुटलीय किती ते. एक रुपयाच्या नाण्याएवढा तडा असेल, कडेपासून लांब असेल आणि कॅमेऱ्याच्या नजरेत नसेल तर रेझिन भरून भागतं. कॅमेऱ्यासमोर असेल तर रेझिन नको. डोळ्याला दिसत नाही, पण प्रकाश वाकतो.

बदलायची झाली तर काच त्याच व्हेरियंटची, भाग क्रमांक जुळवून. अ‍ॅडासच्या काचेला कॅमेऱ्याचं ब्रॅकेट कारखान्यातूनच चिकटवलेलं असतं. साध्या व्हेरियंटच्या काचेवर जुनं ब्रॅकेट उपटून चिकटवण्याची कल्पना कुणी सुचवली तर गाडी परत घ्या, कारण एवढ्याशा तिरकेपणाचं काय होतं ते पाना_आणि_लेझर यांनी वर मांडलंच आहे. पावसाच्या सेन्सरचा जेल पॅड नवा मागा. जुना लावला की हवेचे बुडबुडे राहतात आणि वायपर वेड्यासारखे फिरतात.

गोव्यात खास बघायचं ते म्हणजे चौकटीचा पत्रा. जुनी काच काढताना पात्याने रंग खरवडला जातो, आणि आपल्या खाऱ्या हवेत तिथे वर्षभरात गंज धरतो. मग सील सुटतं, पाणी थेट फ्यूजबॉक्सवर. खरवडलेल्या प्रत्येक जागी प्रायमर लागलाय का, ते नवी काच बसण्याआधी स्वतः बघा. पावसाळ्यात काम बंद शेडमध्येच करून घ्या: पीयू गोंद हवेतल्या ओलाव्यावर पिकतो, त्यामुळे दमट दिवस त्याला मानवतो, पण चिकटवताना पत्रा आणि काच खडखडीत कोरडी हवी. गोंदाच्या नळीवर गाडी कधी हलवायची तो वेळ छापलेला असतो. तेवढा वेळ गाडी जागची हलवू नका आणि दारं आपटू नका.

नंतर कॅलिब्रेशन. काहींचं जागेवर होतं: सपाट फरशी, टायरांत छापील हवा, डिकी रिकामी, पुढे ठरलेल्या अंतरावर नक्षीचा फलक. काहींचं स्कॅनर जोडून रस्त्यावर चालवून, ठळक पट्टे आणि स्थिर वेग लागतो. काहींना दोन्ही लागतात. जुलैच्या धारेत चालवून करायचं कॅलिब्रेशन पूर्णच होत नाही, त्यामुळे उघडीप बघून वेळ घ्या आणि पट्टे नवे असलेला चौपदरी महामार्ग निवडा. गावातल्या रस्त्यावर तास घालवू नका. काम झाल्यावर स्कॅनरचा छापील अहवाल मागा, ज्यावर कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याची नोंद आहे. 'दिवा गेला म्हणजे झालं' हे उत्तर घेऊ नका.

विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत. पण रबरी बीडिंग आणि प्लॅस्टिकवर ५० टक्के कापतात, झीरो डेप (घसारा न कापणारं कलम) नसेल तर. कॅलिब्रेशनची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी ओळ म्हणून आधीच लिहून घ्या आणि सर्व्हेयरच्या मंजुरीत ती आहे का बघा. मागाहून जोडलेली ओळ बहुधा तुमच्याच खिशातून जाते. आणि एका काचेच्या दाव्याने नो क्लेम बोनस जातो, त्याचं संरक्षण देणारं कलम पॉलिसीत आहे का ते नवी गाडी घेतानाच विचारा.

डॅशकॅम कॅमेऱ्याच्या चौकटीखाली नको, डावीकडे लावा. पुढच्या काचेला कसलीही फिल्म नको, गणपतीचा स्टिकरही तिथे नको. डॅशबोर्डवर बसवलेली मूर्ती चालेल, मात्र तिचं प्रतिबिंब काचेत वर कॅमेऱ्यासमोर पडत नाही ना, ते दुपारच्या उन्हात एकदा बघा.